धारवाडचा अर्जदार : शिक्षणाच्या हक्काच्या इतिहासातील एक प्रकरण

हुबळी-धारवाड ह्या जोडशहरातील जो भाग जुनी हुबळी म्हणून ओळखला जातो, त्याची वस्ती आजच्या व्यापारी हुबळीहून प्राचीन आहे. भवानीशंकराचे देवालय, मशिदी, लिंगायतांचे मठ आणि सिद्धारूढ स्वामींचा प्रसिद्ध मठ ह्यांच्या आसपास तेथे अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. कन्नड ही बहुसंख्यांची भाषा. पण तिच्या शेजारी दख्खनी उर्दू, मराठी, कोंकणी आणि तेलुगू ह्याही भाषा तेथे नांदतात. ही जुनी हुबळी १८२० मध्ये सांगलीच्या पटवर्धनांकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आली आणि त्यानंतर १९५६ पर्यंत ती मुंबईच्याच राज्यव्यवस्थेत राहिली. म्हणून तिचा इतिहास हा केवळ कर्नाटकाचा इतिहास नाही. तो मराठी वाचकांचाही इतिहास आहे.

वस्तीत अनेक समाज शेजारी शेजारी राहत असले, म्हणजे ते शाळेतही शेजारी शेजारी बसतात असे नाही. शिक्षणाच्या हक्काचा प्रश्न ह्याच ठिकाणी उद्भवतो. आज आपण हा हक्क २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीशी आणि २००९ च्या अधिनियमाशी जोडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हा प्रश्न शासनाच्या दप्तरात स्पष्ट शब्दांत प्रथम मांडला गेला, त्यातील एक ठळक प्रसंग ह्याच परिसरात, जुन्या हुबळीपासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या धारवाड येथे १८५६ मध्ये घडला. प्रस्तुत लेखात आम्ही त्या प्रकरणाची हकिकत सांगून, त्यातून ख्रिस्ती मंडळीने आणि विशेषतः ख्रिस्ती शाळांनी आज काय शिकावे ह्याचा विचार करणार आहोत.

१. प्रदेश आणि भाषा

पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये धारवाडचा प्रदेश कंपनी सरकारकडे आला. इंग्रज अधिकारी त्यास दक्षिण मराठा प्रांत म्हणत. हे नाव राज्यकर्त्यांवरून पडले होते, प्रजेवरून नव्हे. कारण प्रजेची बोली प्रामुख्याने कन्नड होती. पेशव्यांच्या आणि पटवर्धनांच्या अमलात दप्तर मराठीत चाले, आणि नव्या सरकारनेही आरंभी तीच वहिवाट पुढे चालविली. परिणामी कन्नड घरातील मुलाने शाळेत जावे, तर तेथे त्यास मराठीशी गाठ पडे. घरची भाषा एक आणि विद्येची भाषा दुसरी, अशी ही स्थिती होती.

ती बदलण्यास बराच काळ लागला. वॉल्टर इलियट ह्यांच्यासारख्या काही इंग्रज अधिकाऱ्यांनी कन्नडचा पुरस्कार केला. पुढे शाळाखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा ह्यांनी कन्नड शाळा आणि कन्नड शिक्षक तयार करण्यासाठी आपले आयुष्य वेचले. १८९० मध्ये धारवाड येथे कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना झाली, तीही ह्याच जाणिवेतून. बासेल मिशनचे फर्डिनांड किटेल हे १८५३ मध्ये ह्या प्रदेशात आले आणि त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांनी हा इतिहास मोकळ्या मनाने वाचावा असे आम्हांस वाटते. धारवाडच्या कन्नड मुलाला आपल्या भाषेत शिकता यावे, ह्यासाठी जो झगडा झाला, तो काही अंशी मराठीच्या वर्चस्वाविरुद्ध होता.

परंतु भाषा हा एक अडसर होता. त्याहून जुना आणि कठीण अडसर जातीचा होता. भाषा शिकून घेता येते. जात शिकून घेता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही, अशी त्या काळच्या समाजाची धारणा होती.

२. अर्ज आणि त्याची उत्तरे

१८५४ मध्ये लंडनहून वुडचा प्रसिद्ध खलिता आला. लोकशिक्षणाची जबाबदारी सरकारवर आहे, आणि खाजगी संस्थांच्या शाळांसही अनुदान द्यावे, असे धोरण त्याने घालून दिले. प्रत्येक इलाख्यात शाळाखाते स्थापन झाले. ह्या नव्या व्यवस्थेस दोन वर्षे होतात न होतात तोच, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज करण्यात आला. नेहमीची फी भरण्यास मुलगा तयार असूनही त्यास सरकारी शाळेत प्रवेश नाकारण्यात आला आहे, एवढीच त्यातील तक्रार होती.

अर्जातील मागणीचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलगा फी माफ करा असे म्हणत नव्हता. वेगळी शाळा काढून द्या, असेही त्याचे मागणे नव्हते. सरकारची शाळा सर्व प्रजेची आहे आणि प्रजेपैकी एक म्हणून मला तेथे बसू द्यावे, एवढेच तो मागत होता. ठरावात तो केवळ ‘महार अर्जदार’ म्हणून येतो. कन्नड गावांत त्याच समाजाला होलेय म्हणत. मुंबईच्या दप्तराला मात्र मराठी नावच परिचित होते.

त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन होते. सरकारने २१ जुलै १८५६ रोजी ठराव केला. त्याचा आशय असा : प्रश्न व्यवहारतः अत्यंत अवघड आहे, तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे ह्यात शंका नाही, त्याच्या आड येणारे पूर्वग्रह लवकरच नाहीसे होतील अशी सरकारला आशा वाटते, परंतु एका किंवा थोड्या व्यक्तींसाठी युगायुगांच्या समजुतींत तडकाफडकी हात घातल्यास शिक्षणाच्या कार्याचीच मोठी हानी होईल. अर्जदाराची अडचण ह्या सरकारने निर्माण केलेली नाही, आणि त्याच्या बाजूने मध्ये पडून ती एकदम दूर करणे सरकारला शक्य नाही.

हा ठराव क्रूर मनाच्या माणसांनी लिहिलेला नाही. त्यात अर्जदाराविषयी एकही तुच्छतेचा शब्द नाही. उलट, न्याय त्याच्याकडे आहे असे त्यात उघडपणे मान्य केले आहे. म्हणूनच तो इतका बोधप्रद आहे. अन्यायाचे समर्थन करणारे लोक इतिहासात पुष्कळ आढळतात. पण न्याय मान्य करून तो पुढे ढकलणारे त्यांच्याहून अधिक असतात, आणि त्यांच्या हातून होणारे नुकसान कमी नसते.

ह्या युक्तिवादाचा गाभा संख्येचा आहे. एका मुलाला आत घेतले, तर पुष्कळ मुले बाहेर जातील, शाळा मोडेल, मग त्या एकाचाही लाभ होणार नाही. त्या काळच्या अनेक सरकारी शाळांना स्थानिक लोकांच्या वर्गणीचा आधार होता, आणि वर्गणी देणारे बहुधा उच्चवर्णीय होते. तेव्हा सरकारची भीती अगदीच काल्पनिक नव्हती.

प्रकरण कलकत्त्यास गेले. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग ह्यांच्या सरकारने २३ जानेवारी १८५७ च्या पत्रात दुहेरी उत्तर दिले. मुंबई सरकारने बहुधा शहाणपणानेच वागून घेतले असावे, असे त्यात म्हटले; पण बंगाल इलाख्यातील कोणत्याही सरकारी शाळेत अशा मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता, हेही नमूद केले. म्हणजे एकाच सरकारच्या दोन इलाख्यांत एकाच मुलाच्या हक्काची किंमत निराळी होती.

ह्यानंतर काही महिन्यांतच मेरठला उठाव झाला आणि देशभर धामधूम माजली. अशा काळात एका मुलाच्या अर्जाची आठवण लंडनला राहील असे कोणास वाटले नसते. तरी कोर्ट ऑफ डायरेक्टर्सचा खलिता आला, तो २८ एप्रिल १८५८ चा. धारवाड जिल्ह्यातील नरगुंदचा उठाव त्यानंतर महिन्याभराने झाला. कंपनीच्या हातून राज्य जाण्यास त्या वेळी थोडेच महिने उरले होते. डायरेक्टरांनी स्पष्टपणे लिहिले की, सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी आहेत आणि ह्या तत्त्वापासून सरकार ढळू शकत नाही. तत्त्व अमलात आणल्याने काही विद्यार्थी शाळा सोडतील हे अशक्य नाही. पण ज्यांना ते मान्य नसेल, त्यांनी आपल्या वर्गण्या काढून घ्याव्यात आणि स्वतःच्या पैशाने आपल्यापुरत्या वेगळ्या शाळा काढाव्यात.

मुंबईने जो प्रश्न ‘एकाला घ्यावे की अनेकांना राखावे’ असा मांडला होता, तो लंडनने उलटा करून मांडला. बाहेर कोणी राहायचेच असेल, तर ते अर्जदाराने नव्हे. ज्यास त्याच्या शेजारी बसणे नको असेल त्याने राहावे. मात्र अर्जापासून ह्या उत्तरापर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली, आणि शाळेत जाण्याचे वय दोन वर्षे थांबून राहत नाही.

३. दया आणि हक्क

येथे ख्रिस्ती वाचकाच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. ह्या प्रदेशात तेव्हा मिशन नव्हते काय ? होते. बासेल मिशनने १८३७ मध्ये धारवाड येथे आणि १८३९ मध्ये हुबळी येथे आपले ठाणे स्थापन केले होते. मंडळीत आणि शाळेत जातिभेद मानावयाचा नाही, असा त्या मिशनचा नियम होता. महाराष्ट्रातही हेच चित्र होते. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फेरार ह्यांची अहमदनगर येथील मुलींची शाळा जोतीराव फुले ह्यांनी पाहिली होती, आणि जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मिशनऱ्यांनी उघडलेली दारे नसती, तर पुढील सुधारणेचा इतिहास फार निराळा झाला असता, हे निर्विवाद आहे.

तरीही धारवाडचा अर्ज मिशनकडे नव्हे, सरकारकडे करण्यात आला होता, आणि त्याचे महत्त्व ह्यातच आहे. मिशनच्या शाळेत मिळणारी जागा ही प्रेमाने दिलेली जागा होती. ती घेणारा कृतज्ञ असे आणि देणारा उदार असे. सरकारी शाळेतील जागा मागणारा मात्र उदारतेची अपेक्षा करीत नव्हता. तो प्रजाजन म्हणून आपले देणे मागत होता आणि फीचे पैसे पुढे करीत होता. दया आणि हक्क ह्यांतील हा फरक मंडळीने नीट समजून घेतला पाहिजे. दयेचे काम करणारा आपल्या शक्तीनुसार, आपल्या इच्छेनुसार देतो आणि आपल्या इच्छेनुसार थांबतोही. हक्क मात्र देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा भाग पुरा होणार नाही. मिशनच्या शिक्षणकार्यातही संख्येचा आणि प्रतिष्ठेचा मोह शिरला होता. अलेक्झांडर डफ ह्यांनी १८३० मध्ये कलकत्त्यात जी उच्च शिक्षणाची शाळा काढली, तिच्यामागे अशी कल्पना होती की, वरच्या वर्गांना विद्या आणि सुवार्ता दिली म्हणजे ती हळूहळू खाली झिरपेल. मुंबईच्या शिक्षण मंडळाचीही त्या काळी हीच श्रद्धा होती. पाणी झिरपते, पण प्रतिष्ठा झिरपत नाही, हे पुढील शतकाने दाखवून दिले.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या मेंढराचा आणि हरवलेल्या पुत्राचा असे दोन दाखले जवळजवळ आले आहेत. पहिल्यात मेंढपाळ नव्याण्णवांना रानात ठेवून एकाच्या शोधात जातो. मुंबई सरकारच्या हिशेबाने पाहिले, तर ह्या मेंढपाळाने शिक्षणाच्या कार्याची हानी केली असेच म्हणावे लागेल. दाखला हे काही शाळाखात्याचे धोरण नव्हे, हे आम्ही जाणतो. पण दुसऱ्या दाखल्यात आपल्या प्रकरणाशी अधिक जवळचे असे काही आहे. थोरला भाऊ, धाकटा घरात आहे म्हणून, घरात पाऊल ठेवीत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो; त्यालाही तो आपलाच मानतो. मात्र थोरला आत यावा म्हणून तो धाकट्याला बाहेर घालवीत नाही. दाखला तेथेच संपतो. थोरला आत आला की नाही हे प्रभूने सांगितलेले नाही. तो निर्णय ऐकणाऱ्यांवर सोपविलेला आहे. प्रभूचे ऐकणारे त्या वेळी परूशी आणि शास्त्री होते, हेही विसरून चालणार नाही.

४. तत्त्वापासून व्यवहारापर्यंत

१८५८ चा खलिता आला म्हणून शाळांची दारे उघडली, असे मात्र झाले नाही. मुले आली तरी त्यांना ओसरीवर वा दाराबाहेर बसविले जाई. पाटी दुरून दिली जाई. पाण्याच्या घागरीस हात लावण्याची मनाई असे. १८८२ च्या हंटर आयोगाने, केवळ जातीवरून कोणासही सरकारी शाळेत प्रवेश नाकारू नये, ह्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. पण ते जपून अमलात आणावे असा सल्लाही दिला, आणि जेथे अडचण असेल तेथे वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावे असे सुचविले. ह्याच आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी निवेदन दिले. सरकार रयतेच्या करातून शिक्षणाचा खर्च करते आणि त्याचा लाभ मूठभरांना होतो, हे त्यांनी दाखवून दिले, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आत येऊ द्या ही एका मुलाची मागणी आता सर्व मुलांना आत आणा अशी झाली होती.

वेगळ्या शाळांचा मार्ग अनेक सुधारकांनीही पत्करला, कारण दुसरा मार्ग दिसत नव्हता. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचा जन्म १८७३ मध्ये जमखंडी येथे, म्हणजे कन्नड मुलखातील एका मराठी घरात झाला. ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करून ते परतले, आणि १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केली. तिच्या शाखा ज्या गावांत निघाल्या त्यांत हुबळीही होती. मिशन हा शब्द शिंदे ह्यांनी जाणूनबुजून घेतला होता. ख्रिस्ती मिशनऱ्यांची सेवावृत्ती त्यांनी जवळून पाहिली होती आणि तिची थोरवी ते मान्य करीत.

त्याच काळात जुन्या हुबळीत सिद्धारूढ स्वामींच्या मठात जातिधर्माचा भेद न करता भक्त येत होते. स्वामींचे निधन १९२९ मध्ये झाले. भजनाच्या ठिकाणी जे शक्य होते, ते शाळेच्या ठिकाणी अशक्य का ठरावे, असा प्रश्न आम्हांस पडतो. ह्याचे उत्तर बहुधा असे आहे की, मठातील समता ही परमार्थातली होती आणि तिने कोणाच्या नोकरीस वा प्रतिष्ठेस धक्का लागत नव्हता. शाळेतील समता मात्र उद्याच्या कचेरीतील खुर्चीपर्यंत पोहोचत होती. ख्रिस्ती मंडळीनेही हा प्रश्न स्वतःस विचारावा. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ एक असणारे लोक शाळेच्या प्रवेशाच्या वेळी एक राहतात काय ?

१९१९ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. १८५६ मध्ये जे धाडस मुंबई सरकारला झाले नाही, ते एका संस्थानिकाने केले. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी सायमन कमिशनसाठी मुंबई इलाख्यातील दलित वर्गांच्या शिक्षणाविषयी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे निवेदन तयार केले, त्यात धारवाडच्या ह्या प्रकरणाची कागदपत्रे त्यांनी सविस्तर मांडली. बहात्तर वर्षांपूर्वीचा एक अर्ज त्यांनी पुन्हा उघडला, कारण त्यावरील उत्तर व्यवहारात अजून आलेले नव्हते. त्याच वर्षी त्यांनी स्थापिलेल्या शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहांपैकी एक पुढे धारवाडलाच चालले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्टार्ट समितीने १९३० च्या आपल्या अहवालात वेगळ्या शाळांऐवजी सर्वांच्या सामाईक शाळांचा पुरस्कार केला. त्या समितीतही डॉ. आंबेडकर होते.

५. शंभर वर्षांनंतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या अर्जास बरोबर शंभर वर्षे झाली होती. ज्या भाषेत एकेकाळी दप्तर चालत असे, त्या मराठीचे बोलणारे हुबळी-धारवाडमध्ये आता भाषिक अल्पसंख्य झाले. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३५०क घातला. भाषिक अल्पसंख्य समाजांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यास पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो.

ह्या योगायोगात मोठा बोध आहे. १८३० च्या सुमारास धारवाडच्या कन्नड मुलाला जी अडचण होती, तीच १९५६ नंतर तेथील मराठी मुलाची झाली. सीमाभागात, बेळगाव, खानापूर, निपाणी येथे हा प्रश्न वाचकांच्या विशेष परिचयाचा आहे. आणि महाराष्ट्रात, सोलापूर वा जत भागातील कन्नड मुलाच्या बाबतीत, आज बहुसंख्य आपण आहोत. हक्क हा नेहमी थोड्यांसाठी असतो, कारण पुष्कळांना त्याची गरज भासत नाही. पण आजचे पुष्कळ हे उद्याचे थोडे होऊ शकतात. म्हणून आपण बहुसंख्य असताना अल्पसंख्यांना जे देतो, त्याच मापाने आपणांस मागण्याचा अधिकार उरतो.

कर्नाटकात हा प्रश्न पुढेही धुमसत राहिला. गोकाक समितीच्या अहवालानंतर १९८२ मध्ये तेथे कन्नडसाठी मोठे आंदोलन झाले. प्राथमिक शाळेत मातृभाषेचे वा राज्यभाषेचे माध्यम सक्तीचे करता येईल काय, ह्यावर दीर्घकाळ न्यायालयीन वाद चालला. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, राज्यास माध्यमाची अशी सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. पालकांचे स्वातंत्र्य त्यामुळे राखले गेले. पण निवड करण्याचे स्वातंत्र्य ज्याच्या गाठीस पैसा आहे त्यालाच प्रत्यक्षात मिळते, आणि मातृभाषेची शाळा ही बहुधा गरिबाची शाळा म्हणून उरते, हेही आपण डोळ्यांनी पाहत आहोत.

६. आजचे दार

त्याच दिवशी, ६ मे २०१४ रोजी, त्याच घटनापीठाने दुसरा एक निर्णय दिला. तो ख्रिस्ती शाळांशी थेट संबंधित आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील एका तरतुदीनुसार विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिलीच्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. कर्नाटकातील प्रमती न्यासाच्या प्रकरणात न्यायालयाने असे ठरविले की, हा अधिनियम अल्पसंख्यांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही. कारण अनुच्छेद ३० ने त्यांना आपल्या संस्था चालविण्याचा हक्क दिलेला आहे.

अनुच्छेद ३० चे मोल आम्ही कमी लेखीत नाही. अल्पसंख्य समाजाला आपल्या संस्थांतून आपली श्रद्धा, भाषा आणि संस्कृती जपता यावी, ह्यासाठी संविधानकारांनी ते संरक्षण दिले. बहुसंख्यांच्या लहरीवर ह्या संस्था सोपविल्या गेल्या असत्या, तर त्यांतील पुष्कळ आज उरल्या नसत्या. तेव्हा सवलत मागणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न असा की, सवलत मिळाल्यावर आपण तिचे काय केले ?

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्यांच्या शाळांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर होते. ह्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. सर्वांना शिकविणे ही मिशनची परंपराच आहे. परंतु अल्पसंख्यांच्या सर्व शाळा मिळून सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचित घटकांतील विद्यार्थी केवळ ८.७६ टक्के होते, असेही त्या अभ्यासात म्हटले आहे. ह्या आकड्यांमागील हेतूंविषयी कोणी शंका घेईल. त्या शंकेचा विचार करूनही एक गोष्ट उरते : आपल्या स्वतःच्या शाळांचे आकडे आपणांस मोजता येतात. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमती निर्णयाविषयी शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याच्या दृष्टीने सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालय काय ठरविते ह्याची वाट पाहत बसण्याचे मंडळीस मुळीच कारण नाही. कायद्याने जे करावयास लावले नाही, ते करण्यास कायद्याने मनाईही केलेली नाही.

इतर खाजगी शाळांच्या बाबतीतही दार किलकिले होऊन पुन्हा लोटले जाते, असे अलीकडे दिसते. कर्नाटकाने २०१९ मध्ये नियम बदलून, जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांतील ह्या राखीव जागांचा मार्ग बहुतांशी बंद केला. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये तसाच नियम केला. तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द ठरविला. गरिबाच्या मुलास जवळ सरकारी शाळा आहेच, मग त्याने आमच्या शाळेत कशास यावे, हा ह्यामागचा विचार. १८५८ च्या खलित्याने विरोधकांना स्वतःच्या पैशाने वेगळ्या शाळा काढण्याची मुभा दिली होती. त्या मुभेतून जे जग उभे राहिले, त्यात आज आपण राहत आहोत. पुष्कळ सरकारी शाळांतून सधन वर्ग निघून गेला आहे. अर्जदार आत आला, तेव्हा वर्ग रिकामा होत चालला होता.

ह्या हकिकतीला मंडळीच्या अंतरंगातील एक दुखरी बाजूही आहे. अनुसूचित जातींची मान्यता १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने मुख्यतः हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये ती शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना दिली गेली. ख्रिस्ती व मुसलमान दलितांना नाही. धारवाडच्या अर्जदाराच्या एखाद्या वंशजाने बाप्तिस्मा घेतला असेल, तर त्याच्या मुलास अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळत नाही. मंडळी ह्या अन्यायाविरुद्ध योग्यच दाद मागते. पण शासनापुढे आपल्या दलित बांधवांचा कैवार घेणाऱ्या मंडळीच्या नामांकित शाळांत त्याच बांधवांची मुले किती आहेत, हे कोणी विचारल्यास आपल्यापाशी उत्तर असले पाहिजे.

आम्ही येथे कोणत्याही एका शाळेवर बोट ठेवीत नाही. खेड्यापाड्यांत, तुटपुंज्या अनुदानावर, उपाशी मुलांना शिकविणाऱ्या ख्रिस्ती शाळा पुष्कळ आहेत आणि त्यांच्या शिक्षकांपुढे आम्ही नम्र आहोत. आमचे म्हणणे एवढेच की, प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापक मंडळाने वर्षातून एकदा तरी, परीक्षेच्या निकालाबरोबर, प्रवेशाची नोंदवहीही पुढे घेऊन बसावे. शाळेच्या भिंतीपासून अर्ध्या कोसावर जी वस्ती आहे, तिच्यातील किती मुले आपल्या वर्गात आहेत ? त्यांची भाषा कोणती, आणि त्या भाषेत त्यांच्याशी बोलणारा एकतरी शिक्षक आहे काय ? त्यांना फी माफ करताना ती दया म्हणून केली जाते, की त्यांचे देणे म्हणून ? आणि त्यांच्या येण्याने इतर पालक कुरकुरले, तर आपण १८५६ चा ठराव पुढे करतो, की १८५८ चा खलिता ?

पाळक आणि ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी ह्यांनीही हा इतिहास आपल्या अध्ययनात घ्यावा असे आम्हांस सुचवावेसे वाटते. मंडळीचा इतिहास म्हणून आपण मिशनऱ्यांची चरित्रे वाचतो; ती वाचावीतच. पण जो मुलगा मिशनकडे आला नाही, ज्याने सरकारच्या दारावर थाप मारली, आणि ज्याला न्याय तुझ्या बाजूने आहे असे सांगून परत पाठविण्यात आले, त्याचाही इतिहास आपल्यासाठी आहे. थोरल्या भावाची समजूत घालण्याचे काम मंडळीने जरूर करावे, प्रेमाने आणि सहनशीलतेने करावे. मात्र तो समजेपर्यंत धाकट्याने अंगणात उभे राहावे, असे पित्याने कधी म्हटलेले नाही.